जागता पहारा

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. घरात मी एकटाच होतो. दुधाचे पातेले मंद आचेवर ठेवून मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासायला बसलो. दुधाकडे लक्ष ठेवायचे हे मनाशी पक्के होते आणि मधूनमधून मान वर करून मी पातेल्याकडे पाहतही होतो. दूध उतू गेलेले नव्हते. म्हणजे सर्व ठीक होते. वीस-पंचवीस मिनिटांनी शेजारची आठवीतली मुलगी विरजण मागायला आली. मी दार उघडताच ती म्हणाली, "काका, गॅसचा वास येतोय."

मी नाक वर करून एक लांब श्वास घेतला. "छे गं! कुठे?"

"येतोय काका. खूप येतोय."

बाहेर अंधारून आले होते. पाहू तरी, म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो आणि दिवा लावण्यासाठी हात वर केला, तशी ती जवळजवळ ओरडलीच, "बटण नका दाबू!" शाळेत त्यांना हे शिकवले होते. खिडकीतून आलेल्या वाऱ्याने शेगडीची ज्योत केव्हाच विझली होती आणि गॅस तसाच वाहत होता. विजेचे बटण दाबताना त्याच्या आत एक बारीक ठिणगी पडते, हे मी स्वतः वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

आम्ही शेगडीची कळ बंद केली, रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि बराच वेळ जिन्यात उभे राहिलो. (गॅसगळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो घरातून नव्हे, बाहेर येऊन फिरवायचा.)

ती मुलगी सावध होती आणि काका बेसावध होते, असे म्हणून ही गोष्ट संपवता आली असती. माझ्या घरच्यांनी ती तशीच संपवली. पण मला ते पटत नाही. मी लक्ष ठेवून होतो. नाक माझेही शाबूत होते. मग ज्या गोष्टीने ती मुलगी दारातच थबकली, ती तिथेच बसलेल्या मला का कळली नाही? या प्रश्नाच्या मागे लागल्यावर जे हाती आले, ते तुम्हांला सांगतो. सावध राहणे हा केवळ मनाच्या निश्चयाचा भाग नाही. तराजूला किंवा तापमापीला जशी मर्यादा असते, तशी आपल्या सावधपणालाही असते, आणि ती मोजताही येते.

आधी नाकाचा विचार करू. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. त्यात मर्कॅप्टन नावाचे अत्यंत दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. शंभर भाग हवेत साधारण दोन भाग गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते; त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा गॅस असला तरी वास आला पाहिजे, इतके मर्कॅप्टन घालण्याचा दंडक आहे. योजना उत्तम आहे, पण ती ज्या नाकाच्या भरवशावर आहे त्या नाकाला एक खोड आहे. एकच वास सतत येत राहिला, तर काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणे सोडून देते. गॅस हळूहळू वाढत गेला तर घरात बसलेल्याला तो कळण्याचा संभव आणखीच कमी. बाहेरून येणाऱ्याचे नाक मात्र ताजे असते.

ही खोड एकट्या नाकाची नाही. सकाळी मनगटावर बांधलेल्या घड्याळाचा पट्टा दुपारपर्यंत जाणवेनासा होतो. पंख्याची घरघर तो बंद पडल्यावरच लक्षात येते. आपली ज्ञानेंद्रिये 'किती आहे' यापेक्षा 'किती बदलले' हे अधिक चांगले मोजतात. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला कंडेन्सर म्हणतात, तो संधारित्र तुम्ही पाहिला असेल. तो बदलता प्रवाह पलीकडे जाऊ देतो, पण स्थिर प्रवाह अडवून धरतो. आपल्या इंद्रियांच्या वाटेवर निसर्गाने जणू असा एकेक संधारित्र बसवून ठेवला आहे. एरवी ते सोयीचेच आहे. नाहीतर अंगावरच्या सदऱ्याचा स्पर्श दिवसभर आपल्याला छळत राहिला असता. पण धोका जेव्हा दबक्या पावलांनी येतो, तेव्हा हीच सोय घातक ठरते.

जाता जाता दोन गोष्टी. या गॅसमधील प्रोपेनचा रेणुभार ४४ आणि ब्युटेनचा ५८. हवेचा सरासरी २९. म्हणजे हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड आहे. तो जमिनीलगत पसरतो, छताकडे जात नाही. म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गटारात आणि मैल्याच्या टाक्यांत सापडणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आधी कुजलेल्या अंड्यांसारखा घाण येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस खाली उतरतो. तिथे नाकावर विसंबणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तपासणी उपकरणानेच व्हायला हवी.

तर माझे नाक निर्दोष सुटले. पण डोळ्यांचे काय? पातेल्याखाली ज्योत नाही, हे मी मान वर करून पाहत असताना मला दिसायला हवे होते. डोळ्यांपुढे असलेली गोष्ट ध्यानात न येणे हा नाकाच्या बधिरपणाहून निराळा प्रकार आहे, आणि त्याचा पहिला चटका माझ्याच विषयातल्या लोकांना बसला होता.

१९०९ साली मँचेस्टरमध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे दोघे धातूंच्या पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा करीत होते. कण उलट फिरून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की तिथे एक सूक्ष्म चमक उठे. ती सूक्ष्मदर्शकातून पाहायची आणि मोजायची. प्लॅटिनमवर पडलेल्या सुमारे आठ हजार कणांपैकी एखादाच मागे फिरत असे. अणूला केंद्र असते हा शोध अशा चमका मोजून लागला, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. पण त्या मोजणाऱ्यांची अवस्था पुस्तकात नसते. आधी अर्धा तास काळोखात बसून डोळे तयार करायचे, मग त्या इवल्या चमकांची वाट पाहत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. १९१३ पर्यंत त्यांनी अशा एक लाखाहून अधिक चमका मोजल्या.

पुढे केंब्रिजमध्ये या कामाचे नियमच ठरून गेले. रदरफर्ड, चॅडविक आणि एलिस यांच्या १९३० सालच्या ग्रंथात ते दिलेले आहेत. एक मिनिट मोजायचे, तितकाच वेळ विश्रांती घ्यायची. दिवसाकाठी एका तासाहून जास्त मोजायचे नाही, आणि तेही आठवड्यातून थोडेच दिवस. ही माणसे आळशी नव्हती, बरे का! तासाभरानंतर घेतलेली मोजणी भरवशाची राहत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. गायगर यांनी १९२८ मध्ये म्यूलर या आपल्या विद्यार्थ्याच्या साह्याने कण मोजणारी नळी सिद्ध केली. न थकणारा पहारेकरीच म्हणायचा तो.

याच काळात उलट प्रकारची चूकही उघडकीस आली. व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत मोजलेल्या चमका केंब्रिजपेक्षा पुष्कळच जास्त भरत. वाद काही वर्षे चालला. शेवटी डिसेंबर १९२७ मध्ये चॅडविक स्वतः व्हिएन्नाला गेले. मोजणाऱ्यांना किती चमका अपेक्षित आहेत याची कल्पना असते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मोजणाऱ्यांना काहीही न सांगता उपकरणाची मांडणी बदलत नेली, आणि आकडे केंब्रिजच्या आकड्यांशी जुळले! कोणी लबाडी केली नव्हती. अंधुक चमकेची वाट पाहणाऱ्या डोळ्याला नसलेली चमक दिसू लागते, एवढेच.

म्हणजे पहारेकऱ्याकडून दोन प्रकारच्या चुका होतात. आलेला चोर त्याला दिसत नाही. किंवा चोर नसताना तो दिसतो. एक चूक कमी करायला गेलो की दुसरी वाढते. जरा शंका येताच ओरडायचे ठरवले तर चोर सुटणार नाही, पण गाव रोज रात्री उठेल आणि चौथ्या रात्री कोणी उठणारच नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण खोटे बोलू नये म्हणून सांगतो. पण तो मुलगा प्रामाणिक असता आणि नुसताच घाबरट असता, तरी शेवट तोच झाला असता.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न काही लोकांच्या डोळ्यांपुरता राहिला नाही. ब्रिटिश विमानदलाचे कर्मचारी रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधत असत. तासन्‌तास पडद्यावर काहीच नसे, आणि जेव्हा बारीकसा ठिपका उमटे, तेव्हा तो पुष्कळदा नजरेतून निसटे. केंब्रिजचेच मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी याचा छडा लावण्यासाठी एक साधे घड्याळ तयार केले. पांढरी कोरी तबकडी, त्यावर आकडे नाहीत. फक्त एक काळा काटा. तो दर सेकंदाला एक ठोका पुढे सरके आणि शंभर ठोक्यांत एक फेरा पुरा करी. मधूनच केव्हातरी तो एकदम दोन ठोक्यांची उडी घेई. अशा उड्या अर्ध्या तासात बाराच, त्याही अनियमित. उडी दिसली की कळ दाबायची. काम एवढेच, पण एकट्याने, आणि दोन तास.

ही उडी सहज दिसण्याजोगी होती. तरीही पहिल्या अर्ध्या तासात शंभरातल्या सुमारे पंधरा उड्या निसटल्या, आणि त्यानंतर शंभरातल्या पंचवीसहून अधिक. लक्षात घ्या, घसरण दोन तासांच्या शेवटी नव्हती. ती पहिल्या अर्ध्या तासातच होऊन गेली होती. ही प्रशिक्षित, निरोगी माणसे होती, आणि आपली परीक्षा चालली आहे हे त्यांना ठाऊक होते. डोळे उघडे होते, काट्यावर खिळलेले होते, आणि काट्याने त्यांच्यादेखत उडी मारली होती!

मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे. अर्धा तास पहारा आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली की घसरण होत नसे. उडी पकडली की निसटली, हे तिथल्या तिथे सांगितले तरी लक्ष टिके. आणि एक गमतीदार गोष्ट: मध्येच दूरध्वनी करून 'आता उरलेल्या वेळात आणखी चांगले काम करा' एवढे सांगितले, तरी त्या माणसाची नजर काही काळ पुन्हा ताजी होत असे.

असे का होते, याबद्दल संशोधकांत अजून चर्चा चालू आहे. मेंदूची शक्ती खरोखरच खर्च होते असे काहींचे म्हणणे. पण एक कारण व्हिएन्नाच्या गोष्टीशी नाते सांगणारे आहे. संकेत क्वचितच येत असेल, तर पाहणारा नकळत 'बहुधा काही नसणारच' अशी समजूत करून घेतो आणि अंधुक संकेताला 'हो' म्हणायला कचरतो. माझे तेच झाले. दहा वेळा पातेल्याकडे पाहिले, दहा वेळा सर्व ठीक होते. अकराव्या वेळी मी पातेले पाहिले, ज्योत पाहिलीच नाही.

हे एकदा कळले की पहारा लावण्याच्या पद्धती वेगळ्या दिसू लागतात. विमानतळावर सामानाची क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्या माणसाला वर्षभरात खरे पिस्तूल क्वचितच दिसणार. म्हणून अनेक ठिकाणी यंत्रच मधूनमधून एखाद्या पिशवीच्या चित्रात शस्त्राचे खोटे चित्र मिसळते. तपासनिसाने ते पकडले तर यंत्र तसे सांगते, सुटले तरी सांगते. आणि पडद्यासमोरचा माणूस सुमारे वीस मिनिटांनी बदलतात. मॅकवर्थच्या घड्याळाचे हे नातवंडच आहे.

आपल्या रेल्वेच्या इंजिनात एक जागरूकता-यंत्र असते. चालकाने सुमारे एक मिनिट कोणतीच कळ हलवली नाही, भोंगा वाजवला नाही, की एक दिवा लुकलुकू लागतो. त्याची दखल घेऊन बटण दाबले नाही, तर काही सेकंदांत कर्णा वाजतो; तरीही हालचाल नसेल तर ब्रेक आपोआप लागतात. यंत्र चांगले आहे, पण माझ्या मते त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. चालक जागा आहे एवढेच ते सांगते, तो पाहतो आहे हे नाही. हात सवयीनेही बटण दाबतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो एक जुना, बिनखर्चाचा रिवाज: समोर सिग्नल दिसला की चालक आणि सहायक तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत तर सिग्नलकडे बोट दाखवून तो उच्चारतात. अनोळखी माणसाला हसू येईल, पण बोट, तोंड आणि कान कामाला लागले की 'पाहिले पण दिसले नाही' याला वाव कमी उरतो. त्या दिवशी मी नुसते "ज्योत चालू आहे" असे तोंडाने म्हटले असते, तर खोटे बोलण्यापूर्वी एकदा ज्योत पाहावी लागली असती.

मोठ्याने सांगण्याची ही युक्ती माणसाच्या आधीपासून पक्ष्यांजवळ आहे. सातभाई तुम्ही पाहिले असतील. मातकट रंगाचा, कलकलाट करणारा तो थवा पालापाचोळा उचकत असतो, तेव्हा त्यातला एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो. काही वेळाने तो खाली उतरतो आणि दुसरा वर जातो. त्यांचे काळे-पांढरे भाऊबंद आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहतात. त्यांच्यातला पहारेकरी पहाऱ्यावर असेपर्यंत हलक्या आवाजात सतत बोलत राहतो. 'मी आहे, मी पाहतो आहे' असा जणू त्याचा अर्थ. तो आवाज ऐकू येत असला की खालची मंडळी निर्धास्तपणे चरतात. बंद पडला की स्वतः मान वर करून पाहू लागतात.

शिक्षक वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. सहलीत मुले नदीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात उतरतात, तेव्हा काठावर सात-आठ शिक्षक असतात. सगळे पाहत असतात, म्हणजे प्रत्येकाला वाटते दुसरा पाहतो आहे. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते, श्वासालाच सवड नसते तर हाकेला कुठली असणार? ते गाजावाजा न करता जाते. काठावरून तो मॅकवर्थच्या काट्याच्या उडीएवढाच फरक दिसतो. आमच्या महाविद्यालयाच्या सहलीत मी अलीकडे एक रीत पाडली आहे. पाण्याकडे पाहण्याचे काम एका वेळी दोघांचेच. त्यांनी गप्पा मारायच्या नाहीत, मोबाइल खिशात, दर काही मिनिटांनी डोकी मोजून आकडा मोठ्याने सांगायचा. वीस मिनिटे झाली की पुढच्या जोडीला नावाने हाक मारून काम सोपवायचे. "आता तुम्ही" असे शब्द उच्चारल्याशिवाय जागा सोडायची नाही. सुरुवातीला सहकारी हसले. विद्यार्थी तर अजून आमची नक्कल करतात.

हे सर्व वर्गात स्वतः पडताळून पाहता येते, आणि त्यासाठी रडार लागत नाही. शिक्षकांनी मोबाइलवर चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे: टेबलावर पेन्सिलीने दर सेकंदाला एक ठोका. मधूनमधून, अनियमित अंतराने, एखादा ठोका किंचित हळू मारायचा. दहा मिनिटांत चार-पाच पुरेत. त्यांच्या वेळा लिहून ठेवायच्या, पण त्या वर्गाला सांगायच्या नाहीत. मुलांनी एकमेकांकडे पाठ करून बसावे आणि हळू ठोका ऐकू आला की समोरच्या घड्याळात पाहून वेळ टिपावी. निम्म्या मुलांनी सलग ऐकावे. उरलेल्यांच्या दोन तुकड्या करून त्यांनी आलटून पालटून दहा-दहा मिनिटे ऐकावे, विश्रांतीची दहा मिनिटे वर्गाबाहेर. मग दर दहा मिनिटांत कोणाचे किती ठोके निसटले, त्याचा आलेख काढावा. दुसऱ्या दिवशी नवे ध्वनिमुद्रण करून तोच प्रयोग पुन्हा करा आणि विसाव्या मिनिटाला एखाद्याने फक्त "आता नीट ऐका" एवढे म्हणावे. आलेखात त्या ठिकाणी काय होते ते पाहा.

ध्वनिमुद्रण करताना एक मात्र विसरू नका. शेवटच्या दहा मिनिटांत एकही हळू ठोका ठेवू नका. आणि त्या वेळात किती जणांनी ठोका ऐकल्याची नोंद केली, तेही मोजा.